चकचकीत पोलादी घड्याळावरचे बारीक ओरखडे : घासावे, द्यावे की राहू द्यावे?

आरशासारखी झिलई दिलेल्या पोलादी घड्याळावर वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतच केसासारख्या बारीक रेषा दिसू लागतात. लाख-दोन लाख रुपये मोजलेल्या माणसाला त्या फार खुपतात, आणि मग तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पोलाद हलके निघाले का? कंपनी वॉरंटीत पॉलिश करून देईल का? जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात एखाद्या सराफाच्या बफिंग मोटारीवर पाच मिनिटांत काम होत असेल, तर पुण्या-मुंबईला कशाला धाडायचे? घरीच कापडाने घासले तर काय बिघडते?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पॉलिश केल्याने ओरखडा भरून निघत नाही. ओरखड्याच्या तळाच्या पातळीला येईपर्यंत भोवतालचा धातू घासून काढला जातो, म्हणून रेष दिसेनाशी होते. सुताराच्या रंध्याखाली फळी जशी पातळ होत जाते तसेच हे आहे, आणि गेलेला धातू परत येत नाही. त्यामुळे पुढचा प्रत्येक निर्णय कमीत कमी धातू घालवण्याच्या दृष्टीने घ्यावा.

ओरखडे कशाने पडतात

बहुतेक महागड्या पोलादी घड्याळांना ३१६एल जातीचे स्टेनलेस स्टील वापरतात. रोलेक्स ९०४एल वापरते. दोन्ही पोलादे गंजाला चिवट आहेत, पण कठीण नाहीत. कठीणपणा मोजण्याच्या विकर्स मापनावर ३१६एल साधारण १५० ते २०० च्या घरात असते. गारगोटीचा आकडा याच मापनावर हजाराच्या वर जातो. जुन्नर-आंबेगावचा सारा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा आहे. त्या खडकातले फेल्डस्पार आणि त्याच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ही दोन्ही पोलादापेक्षा कितीतरी कठीण आहेत. खडी क्रशरजवळचा रस्ता, ट्रॅक्टरमागे उडणारा फुफाटा, मार्केट यार्डात क्रेटवर बसलेली माती या साऱ्यांत असे कण असतात. घड्याळावर बसलेली धूळ शर्टाच्या बाहीने पुसली की तेच कण धातूवर फिरतात आणि रेषा पडतात. म्हणजे ओरखडे पडले म्हणून माल खोटा ठरत नाही. किंमत कितीही असली तरी झिलईच्या पोलादाचे हे होणारच.

ओरखड्यांहून वेगळे एक नुकसान आहे, ते क्लोराइडमुळे होते. घाम, ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याचे आम्ल आणि पोटॅश खत (म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइडच असते) साचून राहिले, तर पोलादाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात. पट्ट्याच्या कड्यांच्या फटीत आणि मागच्या झाकणाच्या कडेला हे आधी दिसते. असे खड्डे कापडाने घासून जात नाहीत. ते घालवायला बराच धातू काढावा लागतो, म्हणून तिथे वेळच्या वेळी धुणे हाच इलाज.

आधी धुवा, मग पाहा

ओरखडे वाटणाऱ्या कित्येक रेषा म्हणजे वाळलेला घाम, साबण आणि मळ यांचे थर असतात. म्हणून घासण्याचा विचार करण्याआधी घड्याळ धुवावे.

- घड्याळाची पाणीरोधक क्षमता पाहा. मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिले असेल, तर त्याचा अर्थ पाण्याचे शिंतोडे सोसेल एवढाच घ्यावा; अशा घड्याळाला नळाखाली धरू नका, ओल्या कापडाने पुसा. जुने किंवा बऱ्याच वर्षांत उघडून तपासलेले नसलेले घड्याळ असेल, तर आकडा कितीही मोठा असला तरी तीच काळजी घ्या.
- चावी पूर्ण आत दाबलेली, आट्याची असेल तर पिळून बंद केलेली आहे का, ते पाहा.
- चामडी पट्टा काढून ठेवा.
- कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाका आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने कड्यांच्या फटी घासा. गरम पाणी नको. त्याने आतले रबरी पॅकिंग खराब होते.
- स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या.

मग दिव्याखाली घड्याळ हळूहळू तिरके करत पाहावे. रेष फक्त एका विशिष्ट कोनातून दिसते आणि नख फिरवले तर अडकत नाही, अशी असेल तर ती वरवरची आहे. नख अडकत असेल तर तो खोल चरा आहे. तो घरी काढण्याच्या नादी लागू नये. काठाला खोक पडली असेल, तर नुसत्या पॉलिशने ती भरणार नाही. काही कार्यशाळा लेझर वेल्डिंगने तिथे धातू भरून मग घासतात, पण ते काम थोड्यांकडेच होते.

घड्याळ खरोखर पोलादाचे आहे का

हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि त्यातून सर्वांत मोठी नुकसाने होतात. चकाकी सारखीच दिसली तरी खाली काय आहे, त्यावर पुढचे सारे ठरते.

मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढेच कोरलेले असेल, तर पोलाद फक्त झाकणाला आहे. पुढची केस बहुधा पितळेसारख्या धातूची असते आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो. १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्यातली अनेक जुनी घड्याळे अशीच आहेत. लग्नात मिळालेले किंवा निवृत्तीच्या दिवशी दिलेले असे घड्याळ अजून कितीतरी घरांत जपून ठेवलेले असते. ते बफवर धरले की मुलामा उडून पिवळा धातू उघडा पडतो. सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ साली घेतला, त्यामुळे जुन्या घड्याळाची नवी केस कंपनीकडून मिळण्याची आशा धरू नये. या घड्याळांना मऊ कापडापलीकडे काही लावू नये.

सोनेरी-चंदेरी घड्याळातला सोनेरी भाग मुलाम्याचा असेल, तर त्यालाही हेच लागू. काळ्या रंगाच्या पोलादी केसवर बहुधा पीव्हीडीचा लेप असतो. तो घासला की खालचे पांढरे पोलाद दिसते आणि डाग कायमचा राहतो.

चौथा प्रकार कठीण केलेल्या पृष्ठभागाचा. सिटिझनचे ड्युराटेक्ट, सेइकोचे डायाशील्ड ही त्याची उदाहरणे. अशा पृष्ठभागावर बारीक ओरखडे मुळात कमी पडतात. पण पडलेच, तर नेहमीच्या पॉलिशने ते निघत नाहीत आणि फार घासल्यास कठीण थरच जातो. ग्रँड सेइकोच्या सपाट पैलूंना दिलेली झारात्सू झिलई पुन्हा तशीच आणायची, तर काम कंपनीकडेच द्यावे लागते. घड्याळासोबत आलेली पुस्तिका टाकून देऊ नये, ती याच कारणासाठी. पृष्ठभागाची माहिती तिच्यात असते.

घरी कापडाने घासायचे असेल तर

फक्त आरसा-झिलईचा उघडा पोलादी भाग, आणि तोही वरवरच्या रेषांसाठी, घरी घासता येतो. सौम्य घासद्रव्य लावलेली घड्याळ-दागिन्यांची तयार कापडे बाजारात मिळतात. केप कॉड हे त्यांतले बरेच माहीत असलेले नाव.

बहुतेक घड्याळांत दोन प्रकारचे पृष्ठभाग शेजारी शेजारी असतात: एक आरशासारखा, दुसरा एका दिशेने बारीक रेघा ओढलेला, ज्याला कारागीर ब्रश फिनिश किंवा मॅट म्हणतात. कापड दोन्हींवर फिरले की मॅट भाग डागाळल्यासारखा चमकू लागतो आणि दोन पृष्ठभागांमधली धारदार सीमारेषा पुसट होते. घड्याळाचे रूप त्या सीमारेषेत असते. ती गेली की घड्याळ ओळखीचे राहत नाही, मग ते कितीही चकचकीत असो.

म्हणून घासण्याआधी मॅट भाग, काच, कोरलेली अक्षरे आणि चावीभोवतीची फट चिकटपट्टीने नीट झाकावी. पट्टी अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी तिथे काम थांबवून ती पुन्हा लावावी. कापडाचा छोटा तुकडा बोटावर घेऊन हलक्या दाबाने एकाच दिशेने काही वेळा फिरवावा, मग तो भाग स्वच्छ कापडाने पुसून पाहावा. रेषा निम्म्या कमी झाल्या की तिथेच थांबलेले चांगले. सगळ्या घालवण्याच्या हट्टात काठ गोल होतात. शेवटी पुन्हा धुऊन फटीतले घासद्रव्य काढावे, कारण ते राहिले तर कड्यांच्या सांध्यात खरकागदासारखे काम करत राहते.

या गोष्टी लावू नयेत:

- टूथपेस्ट आणि दंतमंजन. जुन्या प्लास्टिकच्या काचेवर त्यांनी थोडे काम होते. आरसा-झिलईच्या पोलादावर मात्र नवी धूसर जाळी उमटते.
- राख, चिंच, भांडी उजळण्याची पावडर. तांब्या-पितळेच्या जाड भांड्याला चालणारी खरखर इथे चालत नाही.
- खरकागद, तारेची किंवा हिरवी घासणी. मॅट भागाच्या रेघा पुन्हा ओढण्यासाठी काही कारागीर असे साहित्य वापरतात, पण त्याला सरळ हात आणि पट्टी लागते. आरसा भागाला ते लागले की काम थेट कार्यशाळेत जाते.
- हाताने धरण्याच्या ड्रिलला लावलेला नमद्याचा बफ. मोबाइलवरच्या चित्रफितींत हे सोपे दिसते. फिरता बफ दोन सेकंद एका जागी थांबला तरी सपाट पृष्ठभागाला खोलगट लहर येते आणि ती हाताने निघत नाही.

गावातल्या कारागिराकडे देताना

नारायणगाव, जुन्नर, मंचर यांसारख्या बाजारगावांत सेल, पट्टा, काच बदलण्याचे काम घड्याळवाले करतात, आणि झिलईची मोटार सराफांकडे असते. सराफाचा हात सोन्याचांदीवर तयार झालेला असतो. दागिन्याला गोलाई शोभते, घड्याळाच्या केसला मात्र सपाट पैलू आणि धारदार कडा लागतात. कारागीर वाईट असतो असे मुळीच नाही. त्याचे माध्यम वेगळे असते. त्यामुळे पूर्ण केस बफवर देण्याऐवजी बक्कल किंवा पट्ट्याच्या बाहेरच्या कड्या एवढेच काम गावात करून घेणे शहाणपणाचे. ओरखडे सर्वांत जास्त तिथेच असतात आणि काम बिघडले तरी पट्टा बदलता येतो.

केसचे काम द्यायचेच असेल, तर आधी चार गोष्टी विचारा:

- यंत्र केसमधून बाहेर काढून मग पॉलिश करणार का? जुळलेले घड्याळ तसेच बफवर धरले तर उष्णता, कंपन आणि घासद्रव्य आतपर्यंत पोचू शकते. ‘तसेच करतो’ असे उत्तर आले, तर घड्याळ परत घ्या.
- मॅट भागाच्या रेघा पुन्हा ओढता येतात का? आधी केलेल्या कामाचा नमुना दाखवायला सांगा.
- बंद करताना रबरी पॅकिंग नवे घालणार का, आणि पाणीरोधक चाचणी यंत्रावर करणार का? एकदा उघडलेले घड्याळ चाचणीशिवाय पाण्यात नेऊ नये.
- वॉरंटी चालू आहे का? हा प्रश्न स्वतःला विचारायचा. अधिकृत केंद्राबाहेर उघडलेल्या घड्याळाची वॉरंटी बहुतेक कंपन्या नाकारतात.

नारायणगावहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर आहे. पुण्यात घड्याळ-पॉलिशची स्वतंत्र कामे करणारे आणि कंपन्यांची काउंटरे दोन्ही आहेत. कुरिअरने पाठवण्यापेक्षा घड्याळ स्वतः नेऊन द्यावे. कुरिअर कंपन्यांच्या अटींत मौल्यवान वस्तूंची जबाबदारी फार मर्यादित ठेवलेली असते.

कंपनीच्या केंद्रात

वॉरंटी यंत्राच्या दोषासाठी असते. वापरातून पडलेले ओरखडे, झिजलेला पट्टा, फुटलेली काच तिच्यात धरत नाहीत, त्यामुळे फुकट पॉलिशची अपेक्षा ठेवू नये. नुसत्या पॉलिशसाठी घड्याळ पाठवणेही सहसा फायद्याचे नसते. यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग लागतेच. रोलेक्स आपल्या घड्याळांसाठी हा काळ साधारण १० वर्षांचा सांगते. इतर कंपन्यांचे आकडे याहून कमी असतात. त्या वेळी यंत्र बाहेर असते, पॅकिंग बदलते, चाचणी होते. पॉलिश त्याच वेळी करून घेतले की घड्याळ दोनदा उघडावे लागत नाही. मधली वर्षे रेषा राहू द्याव्यात. पहिली रेष जेवढी डोळ्यांत भरते, तेवढी पन्नासावी भरत नाही. सगळीकडे सारख्या रेषा झाल्या की पोलादाला एक मऊ, एकसारखी आभा येते आणि ती वाईट दिसत नाही.

काही कंपन्यांच्या पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये पॉलिश धरलेलेच असते आणि ग्राहकाने नको सांगितले नाही तर ते केले जाते. नको असेल तर जमा करतानाच ‘केस व पट्टा पॉलिश करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी सांगणे पुरत नाही. काउंटरवरचा माणूस आणि मुंबईच्या कार्यशाळेतला माणूस वेगळे असतात. बदललेले सुटे भाग परत हवे असतील, तर तेही तिथेच लिहावे.

पॉलिश अजिबात करू नये असे दोन प्रसंग आहेत. घड्याळ जुने आणि संग्राहकांच्या आवडीचे असेल, किंवा ते विकायचे असेल. जाणकार खरेदीदार केसचे कोपरे आणि पट्टा अडकतो ते लग पाहतो. ते जाड आणि धारदार असतील, तर ओरखड्यांसह जास्त भाव देतो. गोल झाले असतील, तर चकाकी पाहून भाव उतरवतो. विकण्याआधी चमकवून घेण्याची आपली सवय वाहनाच्या बाबतीत ठीक आहे, घड्याळाच्या बाबतीत ती पैसे घालवते.

रोजच्या वापरात

द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतरच्या फवारण्या, टोमॅटोचे क्रेट चढवणे-उतरवणे या कामांना झिलईचे घड्याळ हातात नको. त्यासाठी साधे रबरी पट्ट्याचे घड्याळ ठेवावे. त्याच मनगटात कडे किंवा चांदीचे ब्रेसलेट घालू नये; कड्याचा घाव एकाच जागी रोज बसतो. घड्याळ खिशात किल्ल्यांबरोबर किंवा गाडीच्या कप्प्यात सुट्या पैशांत टाकू नये. मऊ कापडी पिशवीत वेगळे ठेवावे. धूळ बसली असेल, तर आधी फुंकून किंवा पाण्याने घालवावी, मग पुसावे. लगच्या आतल्या बाजूचे खोल चरे बहुतेक वेळा पट्टा बदलताना पिन काढण्याच्या हत्याराने पडतात, म्हणून ते काम चिकटपट्टी लावून करायला सांगावे.

पावती, पुरावा आणि तक्रार

नवे घड्याळ काउंटरवरच, संरक्षक पातळ फिल्म काढून, उजेडात तपासून घ्यावे. ऑनलाइन घेतले असेल, तर पाकीट उघडतानाची अखंड चित्रफीत काढावी. पहिल्याच दिवशी चरा दिसला, तर तो दोष आहे आणि त्याबद्दल लगेच लेखी कळवावे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दोष असलेल्या मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन रक्कम देण्यास बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तूची किंवा सेवेची पावती न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. शंभर रुपयांच्या पॉलिशलाही पावती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

दुरुस्तीला देताना पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक, पट्ट्याच्या कड्यांची संख्या, नेमके काम, अंदाजे खर्च आणि परत देण्याची तारीख असावी. देण्याआधी चारही बाजूंनी, विशेषतः कोपऱ्यांचे, फोटो काढावेत आणि परत घेताना ते शेजारी धरून पाहावे. घरी नेल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.

दुरुस्तीला दिलेले घड्याळ कारागिराच्या ताब्यात असते तेवढा काळ भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १५१ नुसार त्याने त्याची, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी, काळजी घेणे बंधनकारक आहे. पावतीच्या तळाशी ‘ग्राहकाच्या जबाबदारीवर’ असा शिक्का मारल्याने निष्काळजीपणाचे उत्तरदायित्व आपोआप संपत नाही.

काम बिघडले, तर पुढचा क्रम असा:

- दुकानदाराला किंवा केंद्राला फोटोंसह लेखी तक्रार द्या आणि उत्तरासाठी मुदत ठरवा. त्याच काळात दुसऱ्या कारागिराकडे घड्याळ देऊ नका; पुरावा पुसला जातो.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. बरीचशी भांडणे इथेच मिटतात.
- तरीही तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. घड्याळ मुंबईच्या केंद्रात बिघडले असले, तरी नारायणगावच्या रहिवाशाला पुणे जिल्हा आयोग चालतो. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते आणि वकील लावणे सक्तीचे नाही.

आयोगाची पायरी वस्तूच्या बाजारभावावर ठरत नाही, मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. घड्याळ दहा लाखांचे आणि पॉलिशचे पैसे तीन हजार असले, तर सेवेतल्या त्रुटीची तक्रार तीन हजारांच्या हिशेबाने, विनाशुल्क दाखल होते. नुकसानभरपाई मात्र घड्याळाच्या खऱ्या हानीची मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.